कारणाची रिकामी ओळ

बुधवारच्या वाचनाला दांडी मारायला या घरात आजवर दोनच सबबी चालल्या होत्या. एक, गाय व्यायला झालेली असणे आणि दोन, स्वतः अंथरुणाला खिळणे. त्यातही दुसऱ्या सबबीवर आत्याचा फारसा विश्वास नसे. ताप आलाय ना, मग कान तर चालू आहेत, असं म्हणून ती आजाऱ्याला पांघरुणासकट छपाईच्या खोलीत आणून बसवायची. काकांना लहानपणी कांजिण्या झाल्या तेव्हा त्यांची खुर्ची खिडकीबाहेर मांडली होती आणि त्यांनी बाहेरून हात वर करून दोन चुका दाखवल्या होत्या. ही गोष्ट काका अजूनही सांगतात आणि दर वेळी चुकांची संख्या एकानं वाढते.

दर गुरुवारी पहाटे दुधाच्या गाडीबरोबर आसपासच्या वस्त्यांमधल्या अकराशे घरांत जाणाऱ्या त्या दोन पानी पत्रकाला लोक नुसतं 'कागद' म्हणत. कागदात बातमी नसे, लेख नसे, कुणाचा फोटो नसे. नुसत्या छोट्या जाहिराती. विकणे आहे, पाहिजे, हरवले आहे, सापडले आहे, फुकट देणे आहे. पण माणसं तो वर्तमानपत्राआधी वाचत, कारण प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी एक ओळ असे: कारण. आत्याच्या वडिलांनी कागद सुरू केला त्याच वर्षी कुणीतरी त्यातून एक देखणा घोडा विकला होता आणि तो आंधळा निघाला. त्या दिवसापासून ठरलं की का विकतोय हे सांगितल्याशिवाय जाहिरात घ्यायची नाही, आणि वस्तूतली खोड लपवायची नाही. लोकांना ही सवय इतकी लागली की कारण नसलेलं काहीही त्यांना संशयास्पद वाटू लागलं.

'शिलाई मशीन विकणे आहे. कारण: सुनेला माझं शिवलेलं आवडत नाही.' ती सून तिसऱ्याच दिवशी येऊन जाहिरात मागे घेऊन गेली. 'दोन माणसांची कॉट विकणे आहे. कारण: आता एकच.' ती वाचून चार वस्त्यांमधली माणसं त्या घरी गेली, कॉट घ्यायला नव्हे, नुसती बसायला. असा हा कागद. आत्यानं तो चाळीस वर्षं चालवला, साठीनंतर कॉम्प्युटर शिकली, आणि एकदाही कुणासाठी नियम वाकवला नाही. असं माणूस घरात असलं की घरच्यांना त्याचा त्रास होतो आणि बाहेरच्यांना अभिमान वाटतो. इथे घरच्यांनाही अभिमान होता, फक्त ते तो बोलून दाखवत नसत.

त्या बुधवारी दुपारी लांब टेबलाभोवती सगळे नेहमीच्या जागी बसले होते. छपाईचं यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. चार वाजता ते सुरू व्हायचं, त्याआधी वाचन संपायला हवं. आत्या वाचणार, बाकीच्यांनी ऐकायचं आणि जिथं खटकेल तिथं हात वर करायचा. आत्याचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, रोपवाटिका चालवत, त्यामुळे दरांचा अंदाज त्यांना. वहिनींना परिसरातले सगळे फोन नंबर तोंडपाठ, त्या आकडा चुकला की ऐकताक्षणी ओळखत. जनावरांच्या जाहिराती मधल्या भावाच्या, म्हणजे वहिनींचे नवरे दादा, यांच्या वाट्याला, कारण गाय म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. आणि कुठली जाहिरात कुठं बसवायची हे दादांची मुलगी ठरवायची. भांडलेले शेजारी एका रकान्यात येऊ द्यायचे नाहीत, आणि दोन घरांची सोयरीक जुळायची असेल तर त्यांना मुद्दाम जवळ टाकायचं, हे तिचं गणित. गोठ्यात बावीस गाईंवर आणि घरात चार म्हाताऱ्यांवर तिची हुकमत चालायची, म्हणून सगळे तिला मुकादम म्हणत.

आज मुकादमची खुर्ची रिकामी होती. दूध संकलन केंद्रावर सभा होती आणि ती संध्याकाळपर्यंत चालणार होती.

दादा त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहायचं टाळत होते. आठ दिवस त्यांनी याच बुधवारची वाट पाहिली होती. काल अंधार पडायच्या आत, कुणी पाहत नाही असं बघून, त्यांनी दारातल्या पत्र्याच्या पेटीत एक कागद टाकला होता. आपलं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलेला. संपर्काला गुरांच्या डॉक्टरांचा नंबर दिला होता. डॉक्टरांनी मान हलवत का होईना, पण कबूल केलं होतं. वाचनात ही कुणा दुसऱ्याची जाहिरात म्हणून निघून जाईल, उद्या घरोघरी पोचेल, गिऱ्हाईक येईल आणि मग मुलीला सांगायचं, असा बेत. गिऱ्हाइकाला आपण एकदा शब्द दिला की ती मोडता घालणार नाही, शब्दाची ती फार पक्की. मनातल्या मनात त्यांनी हे इतक्यांदा घोकलं होतं की त्यांना त्यात कुठे भोक दिसत नव्हतं.

पहिलं भोक दारातून आत आलं. मुकादम बूट काढत म्हणाली, "सभा झालीच नाही. अध्यक्षांचीच गाय व्यायली." तिनं हात धुतले, खुर्ची ओढली आणि विचारलं, "कुठवर आलंय?"

"हरवलेल्या कुत्र्यापर्यंत," आत्या म्हणाली. "तेच कुत्रं. तिसऱ्यांदा."

"त्याला हरवायचंच आहे, त्याला आता हरवू द्या," काका म्हणाले.

"कारण काय दिलंय?" मुकादमनं विचारलं.

"'आम्ही ओरडतो म्हणून.'"

"खरं बोलतात बिचारे," वहिनी म्हणाल्या.

आत्यानं पुढचा कागद उचलला. अक्षर पाहून तिच्या भुवया वर गेल्या, पण लिहिता न येणारी माणसंही जाहिरात देतात, म्हणून तिनं वाचायला सुरुवात केली. "बावीस दुभत्या गाई आणि पाच कालवडी एकत्र विकणे आहेत. सुट्या देणार नाही. सगळ्या निरोगी. सात नंबरची गाय रेडिओ बंद असला तर पान्हा चोरते, दूध सोडत नाही." इथं तिचा आवाज मंदावला. पण सुरू केलेली जाहिरात पुरी वाचायचीच हा तिच्या घरचा शिरस्ता. "अकरा आणि बारा या शेजारीशेजारी बांधाव्यात, वेगळ्या केल्या तर दोघी खात नाहीत. एकोणीस नंबरचीला डावीकडून माणूस आलेला चालत नाही, लाथ मारते, पण मनात काही ठेवत नाही. कारण: वयोमान."

दादांनी टेबलाच्या लाकडातल्या एका गाठीवर नजर रोवली होती. नंबर बदलला, अक्षर बदललं, सगळं केलं. पण खोड लपवायची नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली. गाईंबद्दल लिहायला बसल्यावर हात आपोआप खरं लिहून गेला होता. या घरातला माणूस चोरी करायला गेला तर उंबऱ्यावर आपला पत्ता ठेवून येईल, असं त्यांचे वडील म्हणत. ते अशाच वेळेसाठी म्हटलेलं असणार.

"आपल्यासारखाच गोठा दिसतोय कुणाचातरी," काका म्हणाले. "रेडिओसुद्धा लावतात म्हणजे बघा."

वहिनींनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"काय झालं?" काका म्हणाले. मग त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला आणि त्यांना काय झालं ते कळलं.

मुकादम हळू आवाजात म्हणाली, "'मनात काही ठेवत नाही' हे माझं वाक्य आहे. मागच्या वेळी डॉक्टरांना लाथ बसली तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं. तेव्हा तिथं बाबा होते." ती वडिलांकडे पाहू शकत नव्हती, म्हणून तिनं काकांकडे पाहिलं. "काका, खालचं कुरण तुम्हाला हवंय का?"

काका चरकले. चैत्रात का होईना, मागणी केली होती हे खरं. रोपं वाढली होती, जागा पुरत नव्हती, आणि खालच्या कुरणाचा ओढ्याकडचा एक पट्टा मिळाला असता तर बरं झालं असतं. त्यांनी ते दादांच्या कानावर घातलं होतं, दादांनी 'बघू' म्हटलं होतं, आणि तो विषय तिथंच थांबला होता. पण आता या क्षणी, या टेबलावर, तो पट्टा फार मोठा दिसायला लागला.

"मी पट्टा मागितला. गाई विका असं म्हटलं नाही," ते म्हणाले. "दादा, सांग हिला. नाहीतर मी आयुष्यभर गाईखाऊ म्हणून ओळखला जाईन."

"पट्टा कधी मागितलात? मला कुणी सांगितलं नाही."

"तुला कशाला सांगायचं? कुरण दादाचं."

"गवत मी कापते, काका."

"त्याचा यात काही संबंध नाही," दादा शेवटी म्हणाले. "जाहिरात माझी आहे. मी दिली. त्याला छळू नकोस."

काकांना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लगेच लाज वाटली. मुकादमनं आपले मघाशी धुतलेले हात रुमालाला पुसले. ते कधीच कोरडे झाले होते, तरी ती पुसत राहिली.

आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझी आहे ना? बरं झालं, नाहीतर मला डॉक्टरांना फोन करून विचारावं लागलं असतं. आता कारण सांग."

"लिहिलंय की."

"वयोमान हे कारण नाही. वय सगळ्यांनाच असतं. मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, मी काय टेबल विकायला काढलंय? आणि हे तू पिठाच्या गिरणीवाल्याकडून उचललंस. त्यानंही वयोमान लिहिलं होतं. मी खोडलं, तेव्हा खरं निघालं की त्याच्या बायकोला गिरणीच्या आवाजात झोप लागत नव्हती."

"ताई." दादांनी पहिल्यांदा मान वर केली. "चाळीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. एवढं एकदा छाप. भाऊ म्हणून."

हे खरं होतं, आणि आत्याला ते कुणी सांगायची गरज नव्हती. वडील गेले तेव्हा नातेवाईक जमले होते आणि सगळ्यांचं मत एकच पडलं होतं: यंत्र विकावं, पुढची खोली भाड्यानं द्यावी, आणि बिनलग्नाच्या बहिणीनं भावांच्या पुढे होणाऱ्या मुलांना सांभाळावं. तेव्हा हाच भाऊ, विशीतला, उठून म्हणाला होता, "यंत्र राहील आणि ताई यंत्रावर राहील. कुणाला पाहिजे असेल तर माझ्या वाट्यातली जमीन घ्या." त्यानंतर त्यानं कधी ते काढलंही नव्हतं. त्या एका वाक्यावर तिचं सगळं आयुष्य उभं होतं. ती या खोलीत बसली, लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला, रस्त्यानं जाताना हात जोडले, हे सगळं त्याचं देणं. आज त्यानं त्याबदल्यात एक ओळ मागितली होती आणि ती ओळ देण्यासाठी तिला कमालीचा मोह झाला.

तिनं पेन्सिल उचलली आणि 'वयोमान' खोडलं. रेघ सरळ आली.

"भाऊ म्हणून पहिल्या पानावर घेते," ती म्हणाली. "चौकटीत. मोठ्या अक्षरात. पण ओळ रिकामी ठेवून नाही."

"मग चारा महागलाय असं लिहा," काका मदतीला धावले. "महागलाच आहे."

"आपला चारा आपल्याच कुरणात होतो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "गुडघे लिहा, वन्सं. ह्यांचे गुडघे खरेच गेलेत. मी रोज तेल लावते, मला विचारा."

"गुडघे नऊ वर्षांपूर्वी गेले. तेव्हा का नाही विकल्या?" आत्यानं विचारलं.

मग मुकादम बोलली. "मी सांगते काय लिहायचं ते. माझ्यामुळे, असं लिही आत्या. मागच्या महिन्यात कालवड गेली. मी रात्री उठून बघायला हवं होतं, नाही उठले. तेव्हापासून बाबा माझ्याशी नीट बोललेले नाहीत. त्यांचा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. तसं असेल तर तसं लिहा, मला चालेल. पण वयोमान लिहून मला फसवू नका."

महिनाभर वहिनी गप्प बसल्या होत्या, कारण नवऱ्यानं शपथ घातली होती आणि त्यांना स्वतःलाही तो बेत पटला होता. मुलगी चाळिशीला आली. हातांना भेगा. पहाटे चार, दुपारी चार. जगाची दोन टोकं म्हणजे गोठा आणि ही खोली. एकदा मोकळी होऊ दे, रडेल, चिडेल, आणि मग आपलं आयुष्य बघेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. पण ही पोर त्या मेलेल्या कालवडीचं ओझं महिनाभर एकटी वाहत होती हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. आईला हे दिसायला नको?

"अहो," त्या म्हणाल्या, "सांगा आता. नाहीतर मी सांगते. ती शपथ गेली खड्ड्यात."

दादांनी खुर्ची मुलीकडे वळवली. "कालवड मी असतो तरी गेली असती," ते म्हणाले. "तो आतड्याचा पीळ होता. तुझा काही दोष नाही. मला वाटलं तुला माहीतच आहे."

"मग बोलत का नव्हता?"

"तोंड दाखवायची लाज वाटत होती." जनावरांपुढे तासन्‌तास बोलणारा हा माणूस माणसांपुढे एकेक शब्द उचलून ठेवायचा. "दूध काढायच्या यंत्राचा वायसर सापडत नव्हता. मला वाटलं तू कपाटात ठेवला असशील. वरच्या फळीवर एक बॅग होती. लाल. चाकांची. आत कागदाचे बोळे तसेच भरलेले, दुकानातून आली तशी. किमतीच्या चिठ्ठीवर चार वर्षांपूर्वीची तारीख."

मुकादमचा चेहरा लाल झाला.

"तू तीन महिन्यांसाठी आली होतीस," दादा म्हणाले. "मी गवताच्या गंजीवरून पडलो म्हणून. पाय बरा होईपर्यंत. तुझी चांगली नोकरी होती, भूमापनाच्या कार्यालयात नकाशे काढायचीस. पाय बरा झाला, पण गुडघे राहिले, आणि मी काही बोललो नाही आणि तू काही बोलली नाहीस. नऊ वर्षं झाली. मी आठवून आठवून पाहिलं. नऊ वर्षांत ही पोर एक रात्र या घराबाहेर झोपलेली नाही. मैत्रिणीच्या लग्नालासुद्धा सकाळची धार काढून गेली आणि संध्याकाळच्या धारेला परत आली. मी तुला मागून घेतलं आणि परत द्यायचं विसरलो. ताई, लिही. कारण: मुलीचं आयुष्य परत द्यायचंय."

आत्याची पेन्सिल चालली. काकांनी नाक शिंकरलं आणि धुळीला नाव ठेवलं.

"आता?" ते म्हणाले. "छापायचं?"

"कारण खरं आहे," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. "खरं असलं की छापावं लागतं. नियम माझाच आहे." आयुष्यात पहिल्यांदा तिला तो नियम जड झाला.

मुकादमनं हात पुढे करून तो कागद आपल्याकडे ओढला. तिनं ती ओळ दोनदा वाचली. नऊ वर्षांत वडिलांनी आपल्याकडे कधी पाहिलं नाही असं तिला वाटत आलं होतं, आणि त्यांनी तर रात्री मोजून ठेवल्या होत्या. त्यांना मिठी मारावी आणि त्यांच्यावर ओरडावंही, असं दोन्ही तिला एकदम वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही.

"हे तुमचं कारण आहे, बाबा," ती म्हणाली. "ते खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण आयुष्य माझं आहे तर ते कुठंय हे मला विचारायचं होतं. चौथ्या महिन्यात कार्यालयाचं पत्र आलं होतं. परत या, जागा ठेवलीय. ते मी फाडलं. तुमच्या पायासाठी नाही फाडलं. तुम्ही तेव्हा काठीशिवाय चालत होतात."

"मग कशाला फाडलंस?" वहिनींनी विचारलं.

"सकाळी गोठ्यात शिरले की बावीस माना एकदम वळतात, आई. कार्यालयात तीन वर्षं गेले, एक मान वळली नाही. मला हे काम येतं. मला वाटतं बाबांनंतर मलाच येतं. मी आले तेव्हा बारा गाई होत्या. आत्ता एकही दावण रिकामी नाही, आणि डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, तेही चहा प्यायला. हे मी अडकले म्हणून झालं नाही."

दादा तिच्याकडे पाहत राहिले. या मुलीला आपण नऊ वर्षं दया दाखवत होतो, आणि ही नऊ वर्षं आपल्यापेक्षा चांगला गोठा चालवत होती. त्यांना ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि दर सकाळी त्याचं कौतुकही वाटत होतं; पण कौतुक मनात ठेवलं आणि दया जाहिरातीत घातली. उलटं करायला हवं होतं.

"मग बॅग?" त्यांनी विचारलं.

"समुद्रासाठी घेतली होती."

"कुठल्या समुद्रासाठी?"

"कुठल्याही. तीन वर्षं मी किनारे काढले. खाड्या, वाळूचे दांडे, खडक. आणि समुद्र पाहिलेला नाही. एकदा बघून यावं म्हणून बॅग घेतली."

"मग गेली का नाहीस गं?" काका कळवळून म्हणाले. "आम्ही काय मेलो होतो?"

"तुम्ही सगळे मला मदत करता, काका. माझी जागा घेत नाही. आणि रजा मागायची कुणाकडे? नोकर असते तर मालकाकडे मागितली असती. मालक असते तर स्वतःची स्वतः घेतली असती. मी मुलगी आहे. मुलीला रजा कोण देतं?"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांनी तरी कुठे कधी रजा घेतली होती, पण आज तो विषय नव्हता. काकांनी आपल्या मातीनं काळवंडलेल्या नखांकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "पट्टा मी चुकीच्या माणसाकडे मागितला. तुझ्याकडे मागायला हवा होता. देणार नसशील तर तसं सांग, मी रोपं मांडवावर चढवतो."

"बघू," मुकादम म्हणाली. तिचा सूर अगदी दादांसारखा आला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा वहिनी हसल्या.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. आत्यानं गाईंची जाहिरात काळजीपूर्वक दोनदा दुमडली आणि दादांच्या हातात दिली. "देणाऱ्यानं मागे घेतली तर मला छापावी लागत नाही. घेतोस का?"

दादांनी कागद खिशात घातला.

आत्यानं कोरा कागद समोर ओढला. "पहिल्या पानावर चौकट मोकळी ठेवलीय. भाऊ म्हणून दिली होती, आता भाची म्हणून देते. विभाग कोणता?"

मुकादमनं विचार केला. "पाहिजे."

"सांग."

"गोठा सांभाळायला दहा दिवसांसाठी अनुभवी माणूस पाहिजे. बावीस गाई, पाच कालवडी. स्वभाव समक्ष सांगितले जातील."

"कारण?"

टेबलाखाली मुकादमनं एका हातानं दुसरा हात घट्ट धरला होता. बारा वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा धार काढली तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती. मग तिनं सांगितलं, "मालकीण समुद्र बघायला जाणार आहे."

पहिल्या शब्दावर आत्याची पेन्सिल अडली. तिनं चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. "हे खरं आहे की नाही हे मी जाहिरात देणारीला विचारू शकत नाही. तूच सांग. चुकीचं काही मी छापत नाही."

दादा खिडकीबाहेर बघत होते. गाई कुरणातून परतून फाटकाशी गोळा होत होत्या. त्यांच्या वडिलांनी हा गोठा त्यांना दिला तेव्हा ते काही बोलले नव्हते. एके दिवशी नुसते आजारी पडले आणि गोठा दादांचा झाला. गोठा असाच मिळतो असं दादा आजवर समजत आले होते. माणूस धडधाकट बसलेला असताना, चार जणांसमोर, हसत्या तोंडानं तो देता येतो हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यांना थोडं दुखलं, आणि त्याहून खूप जास्त बरं वाटलं.

"चूक आहे," ते म्हणाले.

आत्यानं पेन्सिल खोडायला उचलली.

"दहा दिवसांत काय समुद्र होतो बघून? जायला-यायलाच चार जातील. पंधरा लिही, ताई. बाकी बरोबर आहे."

आत्यानं दहा खोडून पंधरा केलं आणि 'मालकीण' हा शब्द दुसऱ्यांदा, ठळक गिरवला. काकांनी यंत्रावरची चादर काढली. वहिनींनी नंबर तपासला, जरी तो त्यांच्या स्वतःच्याच घरचा होता. बाहेर गाई हंबरायला लागल्या, तशी मुकादम सवयीनं अर्धी उठली.

पण दादा तिच्याआधी उठले होते. गुडघ्यांवर हात टेकत ते दारापर्यंत गेले, बूट घातले आणि तिथूनच मागे वळले. चाळीस वर्षांत आधी कुठली गाय आणि नंतर कुठली हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"मालकीणबाई," ते म्हणाले, "आज कुणापासून सुरुवात करू?"

आणि तिनं उत्तर देईपर्यंत ते उंबऱ्यातून हलले नाहीत.